औषधाचा शेष
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भोजनोत्तर वेळी व्याख्यान देणे म्हणजे श्रोत्यांच्या निद्रेशी सामना करणे होय, हे दुपारच्या तासाला वर्गावर उभे राहून आम्हांस पुरते ठाऊक झाले आहे. तरीही चिटणिसांची आज्ञा मोडवली नाही. विषय निवडण्याची मोकळीक त्यांनी आम्हांस दिली. ज्ञातीचा इतिहास, विद्यार्थी-साहाय्य, वधूवर-सूची या विषयांवर बोलणारे आमच्याहून अधिकारी वक्ते येथे बसले आहेत. म्हणून आम्ही एक निराळाच विषय घेतला आहे. औषध घेऊन झाल्यावर, किंवा न घेता टाकून दिल्यावर, त्याचे पुढे काय होते, हा तो विषय. आम्ही वैद्य नव्हे, रसायनशास्त्रज्ञ तर नव्हेच; जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. परंतु निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, आणि जे वाचले ते आपल्या घरांशी इतके निगडित दिसले की, ते स्वतःपाशीच ठेवणे बरे वाटेना.

प्रथम आपल्याच घरांतील एक रीत सांगतो. घरातील वडीलधारे माणूस दीर्घ आजाराने जाते. दिवसकार्य आटोपते. त्यांचे कपडे कोणा गरजूस दिले जातात, घड्याळ नातवाकडे जाते. औषधांची पिशवी मात्र कोणासच नको असते. ‘गेल्या माणसाचे औषध घरात ठेवू नये,’ असे कोणी आत्याबाई म्हणतात, आणि अस्थिविसर्जनास गेलेली मंडळी ती पिशवीही प्रवाहात सोडून येतात. आम्ही हे एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. नदी सर्व काही पोटात घेते, अशी आपली श्रद्धा. आणि जेथे नदी जवळ नाही तेथे मोरी आहे, संडास आहे. खोकल्याच्या औषधाची उरलेली अर्धी बाटली मोरीत ओतणारी घरे आपल्यात किती, हे हात वर करावयास सांगून विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

ऋणाचा, अग्नीचा आणि शत्रूचा शेष ठेवू नये, असे वाडवडील सांगत. त्यांच्या काळी काढे होते, मात्रा होत्या. आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. असत्या तर त्या यादीत औषधाच्या शेषाचीही त्यांनी भर घातली असती, असे आम्हांस वाटते.

गोळी गिळली की ती पोटात संपली, अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. मधुमेहाकरिता मेटफॉर्मिन नावाची गोळी देतात. (आमच्या वयाच्या मंडळींत ती न घेणारे येथे थोडेच सापडतील.) ही गोळी शरीरात जवळजवळ मोडतच नाही. आपले काम करते आणि मूत्रावाटे जशीच्या तशी बाहेर पडते. लहान मुलांस घशाकरिता किंवा कानाकरिता देतात ते अमॉक्सिसिलिन. त्याचाही निम्म्याहून अधिक भाग काही तासांतच तसाच बाहेर पडतो. गुडघ्यास चोळावयाच्या मलमाची गोष्ट तर याहून नवलाची आहे. डायक्लोफेनॅकचे मलम आपण चोळतो, त्यातील शंभरात सहा-सात भाग काय तो कातडीतून आत जातो. बाकीचे कपड्यांस, अंथरुणास आणि हातांस लागते, आणि हात धुतले, स्नान केले, कपडे धुतले की मोरीत जाते. म्हणजे नळीचे पैसे आपण देतो, आणि मलम बहुतांशी गटारास लागते!

आता कोणी म्हणेल की, शहरात सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रे आहेत, त्यांचे काम काय? ती केंद्रे मैला कुजवून पाणी निवळ करण्याकरिता बांधलेली आहेत. मैला खाणारे जंतू तेथे पाळलेले असतात. ते आपले काम चोख करतात. परंतु औषध हा पदार्थ मुळी टिकाऊ व्हावा म्हणूनच बनविलेला असतो. जठरातील आम्लात आणि यकृतातील भट्टीत जो टिकला, तो या जंतूंस सहसा दाद देत नाही. अपस्मारावर देतात त्या कार्बामाझेपिनचे पाहा. शरीरातून ते मूळ स्वरूपात फारच थोडे बाहेर पडते; पण जे पडते ते इतके चिवट की, जगातील नद्यांत सर्वांत अधिक ठिकाणी आढळलेल्या औषधांत त्याचा क्रमांक वरचा आहे. स्वित्झर्लंडने २०१६ पासून आपल्या मोठ्या शुद्धीकरण केंद्रांत ओझोन किंवा कोळशाची भुकटी वापरून ही औषधे काढण्याची जादा पायरी बसविण्यास प्रारंभ केला. आपल्याकडे तर पुष्कळ गावांचे सांडपाणी पहिल्या पायरीलाही शिवत नाही, सरळ ओढ्यास मिळते.

नद्यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. २०२२ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. १०४ देशांतील २५८ नद्यांचे पाणी १,०५२ ठिकाणी घेऊन त्यात ६१ औषधी द्रव्ये शोधली गेली. चौथ्या हिश्शाहून अधिक ठिकाणी एखादे तरी द्रव्य जलचरांस सुरक्षित मानलेल्या मर्यादेपलीकडे निघाले. काहीच न सापडलेली स्थळे म्हणजे आइसलँड आणि व्हेनेझुएलातील आदिवासींचे एक गाव, जेथे आधुनिक औषधे कोणी घेतच नाही.

‘पण मास्तर, नदीएवढ्या पाण्यात चिमूटभर औषध, त्याने काय होणार?’ हा प्रश्न आम्हांस घरातच विचारला गेला आहे, आणि तो रास्त आहे. त्याचे एक उत्तर कॅनडातील एका तळ्याने दिले. तेथील शास्त्रज्ञांनी २००१ पासून तीन उन्हाळे एका राखीव तळ्यात संततिनियमनाच्या गोळीतील संप्रेरक मुद्दाम सोडले. प्रमाण किती? एका लिटरात ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचे पाच-सहा भाग. एवढ्याने नर माशांत मादीची लक्षणे दिसू लागली, आणि त्या तळ्यातील एका लहान जातीच्या माशांचा जवळजवळ निर्वंश झाला.

दुसरे उत्तर आपल्याच देशातले आहे, आणि त्यावर आम्हांस अधिक बोलावयाचे आहे.

आमच्या पिढीने गिधाडे पाहिली आहेत. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की कोठून कोण जाणे, आकाशात घिरट्या सुरू होत, आणि थोड्याच वेळात हाडांचा सापळा तेवढा उरे. दिसण्यास ओंगळ पक्षी. पोरे त्यांस दगड मारीत. वास्तविक आपल्या संस्कृतीने या पक्ष्यास केवढा मान दिला! सीतामाईकरिता प्राण देणारा जटायू गिधाडच, आणि इगतपुरी तालुक्यातील टाकेद येथे त्याच्या नावे तीर्थ आहे. आज आमची नातवंडे विचारतात, ‘आजोबा, गिधाड कसे असते हो?’ त्यांस चित्र दाखवावे लागते.

गिधाडे गेली कोठे? १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी राजस्थानात भरतपूर येथे नव्वदीच्या दशकात पाहिले की, पक्षी माना टाकून बसत आहेत आणि झाडांवरून मरून पडत आहेत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात हजारास एक एवढी उरली. रोग म्हणावा तर जंतू सापडेना. कीटकनाशक म्हणावे तर तेही नव्हे. २००४ साली अमेरिकन पशुवैद्य लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी यांनी पाकिस्तानातील मेलेल्या गिधाडांची चिकित्सा करून उत्तर शोधले. दुखणाईत गुरांस वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅकची सुई देत असत. ते जनावर लवकरच मेले, तर त्याच्या मांसात औषध शिल्लक राही. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड काही दिवसांत निकामी होई, आणि त्याच्या आतड्याकाळजावर खडूसारखा पांढरा थर चढे. आपल्या गुडघ्याचे जे मलम म्हणून मघाशी सांगितले, तेच हे द्रव्य.

शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा निघाले की, शंभरात एक ढोरही असे औषधी असावयास नको; त्याहून कमी ढोरांत मारक प्रमाण असले तरी गिधाडांचा नाश होण्यास ते पुरेसे आहे. कारण एका ढोरावर पुष्कळ पक्षी जेवतात, आणि गिधाडीण वर्षास एकच अंडे घालते. ‘चिमूटभराने काय होते’ याचे हे उत्तर आहे. औषध देणाऱ्या शेतकऱ्याचा यात दोष तो काय? गाय वेदनेने तळमळत होती, त्याने दयेपोटी सुई दिली.

गिधाडे गेल्यावर ढोरे सडू लागली, भटक्या कुत्र्यांस रान मोकळे झाले, कुजके पाणी ओढ्याविहिरींत उतरले. २०२४ साली अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी केलेल्या गणनेप्रमाणे, जेथे पूर्वी गिधाडे नांदत होती त्या जिल्ह्यांत २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख माणसे अधिक मृत्यू पावली. हा अंदाज आहे. पण त्यातील निम्मा जरी धरला तरी छाती दडपते. मुंबईतील पारशी बांधवांवर तर धर्मसंकटच आले. डुंगरवाडीच्या विहिरींवर उतरणारे पक्षीच नाहीसे झाले, तेव्हा सूर्यकिरण एकवटणारी भिंगे बसविण्याची पाळी त्यांच्या पंचायतीवर आली. आपण ज्ञातिसंस्था चालवितो. एखाद्या ज्ञातीचा अंत्यसंस्कारच अडून बसणे म्हणजे काय, हे आपणांस अधिक सांगावयास नको.

सरकारने २००६ साली गुरांकरिता हे औषध बंद केले. तरी माणसांकरिता मिळणाऱ्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. म्हणून २०१५ साली माणसांच्या सुईची बाटली ३ मिलिलिटरची, एका मात्रेपुरतीच, असावी असा नियम झाला. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन व अॅसिक्लोफेनॅक ही औषधेही गुरांकरिता बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांस सुरक्षित असे औषध उपलब्ध आहे, आणि महागही नाही. हरियाणात पिंजोर येथे गिधाडांची पैदास करण्याचे केंद्र निघाले. तेथील काही पक्षी २०२४ साली आपल्या पेंच आणि ताडोबाच्या जंगलांत आणले आहेत. गावाकडे गुरे राखणाऱ्या ज्ञातिबांधवांस आमची एवढीच विनंती आहे की, गुरांच्या डॉक्टरांस औषधाचे नाव विचारीत जा, आणि माणसांची सुई गाईला टोचू देऊ नका.

आता पाण्याकडे वळू. औषध जसे आपल्या घरातून नदीत जाते, तसेच ते जेथे बनते तेथूनही जाते, आणि ते प्रमाण कधी कधी डोके गरगरावे असे असते. हैदराबादजवळ पाटणचेरू नावाचे ठिकाण आहे. तेथे नव्वदएक औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामाईक केंद्रात शुद्ध होई. स्वीडनमधील जोआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शुद्ध केलेल्या पाण्याचे परीक्षण करून २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका लिटरात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडले. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तात ते इतके कधीच नसते. त्या केंद्रातून दिवसाकाठी अदमासे ४५ किलो सिप्रोफ्लॉक्सासिन बाहेर पडत होते. ९० लाख वस्तीच्या सबंध स्वीडन देशास ते पाच दिवस पुरले असते. पुढच्या पाहणीत आसपासच्या गावांतील विहिरींच्या पाण्यातही औषधे निघाली.

त्या केंद्राचे पाणी ईसकावागू, नक्कावागू या ओढ्यांतून मांजरा नदीस मिळत असे. मराठवाड्यातील मंडळींस ही नदी काय सांगावी! बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते, लातूरकडून कर्नाटकात व तेलंगणात जाते आणि शेवटी गोदावरीस मिळते. आपण येथून तिला निरोप देतो, पुढे तिच्या पदरात लोक काय घालतात ते आपणांस दिसत नाही. आणि आपल्या हद्दीत तारापूर, महाड, लोटे येथेही औषधे बनतात, हे विसरून शेजाऱ्याकडे बोट दाखविणे शोभणार नाही.

प्रतिजैविक पाण्यात गेल्याने बिघडते काय, ते सांगतो. वर्गात रोज छडी मारणाऱ्या मास्तरांची छडी पुढे पुढे मुलांस लागेनाशी होते, हे आमच्या व्यवसायबंधूंस ठाऊक आहे. जंतूंचे तसेच होते. नदीच्या गाळात थोडे थोडे औषध सतत राहिले की दुबळे जंतू मरतात, निबर तेवढे उरतात, आणि आपला निबरपणा ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूंसही देतात. पाटणचेरूच्या खालच्या अंगाच्या गाळात अशी औषधास न जुमानणारी जनुके विपुल सापडली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिल्लीच्या नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ नमुन्यांत, आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत, जवळजवळ कोणत्याच प्रतिजैविकास न जुमानणाऱ्या जंतूंचे जनुक आढळले. असला जंतू बाळंतिणीस किंवा शस्त्रक्रियेच्या रोग्यास बाधला की डॉक्टरांच्या हाती फार थोडी शस्त्रे उरतात. कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविक किती असावे, याच्या मर्यादा केंद्र सरकारने २०२० च्या जानेवारीत मसुद्यात घातल्या होत्या. २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या गाळल्या गेल्या. याचे समाधानकारक कारण आमच्या वाचनात आले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या सप्टेंबरात या विषयावर मार्गदर्शिका काढली आहे. आपल्यापैकी जे औषध कारखान्यांत अधिकारी आहेत, त्यांनी ती आपल्या कचेरीत मागवून घ्यावी.

येथे भगिनीवर्गापैकी कोणी घाबरून उद्यापासून नळाचे पाणी वर्ज्य करील, म्हणून खुलासा करतो. पिण्याच्या पाण्यात सापडणारी औषधे इतकी सूक्ष्म असतात की, त्यांपासून माणसास थेट अपाय होण्याचा संभव फारच कमी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ सालीच म्हटले आहे. पाणी उकळावे ते जंतूंकरिता; उकळल्याने औषध जाईल या आशेने नव्हे. आणि हे ऐकून कोणी आपली मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी बंद केली, तर आमच्या व्याख्यानाने उपकाराऐवजी अपकार होईल. डॉक्टरांनी दिलेले औषध दिले तितके घ्यावेच. प्रश्न आहे तो न लागणाऱ्या औषधाचा. सर्दीपडशाला शेजाऱ्याच्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन गोळ्या घेणे, स्वस्त पडते म्हणून एकदम सहा महिन्यांचा साठा करणे, आणि मग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात तो मुदतीबाहेर जाऊ देणे, हे आपल्या हातचे आहे. गुडघ्यास मलम लावावयाचे ते स्नानापूर्वी न लावता नंतर लावावे, आणि हात धुण्याआधी कागदास पुसून तो कागद कचऱ्यात टाकावा. यास एक पैसा पडत नाही.

उरलेल्या औषधाचे काय करावे? २०१६ च्या घनकचरा नियमांत मुदत संपलेली औषधे घरगुती घातक कचऱ्यात गणली होती. ओल्या-सुक्या कचऱ्यात ती मिसळू नयेत, असा त्याचा अर्थ. केरळ राज्याने याबाबत चांगला पायंडा पाडला. तेथे सरकार आणि औषध विक्रेत्यांची संघटना यांनी मिळून २०१९ साली तिरुवनंतपुरम येथे औषधे परत घेण्याच्या पेट्या ठेवल्या, आणि पुढे ते काम इतरत्र नेले. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या कचेरीनेही २०२५ साली या विषयावर मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात एक गोष्ट आमच्या आजच्या बोलण्याच्या उलट दिसेल. ट्रॅमाडॉल, फेंटॅनिल, डायझेपाम अशी सतरा नशेची किंवा गुंगीची औषधे परत देण्याची सोय नसेल तर संडासात सोडून द्यावीत, असे ते सांगते. कारण ती घरात राहून पोराबाळांच्या हाती पडली तर जीवच जावयाचा; त्यापुढे पाण्याचा दोष लहान. तेवढी सतरा वगळून बाकीच्यांस मोरी नको आणि नदी तर नकोच. जेथे कोणतीच सोय नाही तेथे गोळ्या वेष्टनातून काढून ओल्या मातीत किंवा चहाच्या चोथ्यात कालवाव्या, पिशवीत बांधून वेगळ्या द्याव्या, आणि रिकाम्या पट्ट्या कात्रीने कापाव्या, म्हणजे त्या कोणी उचलून पुन्हा विकणार नाही.

काहींची सूचना अशी की, गेलेल्या माणसाची चांगली औषधे ज्ञातीतील गरजूंस द्यावी. हेतू उदात्त आहे. परंतु उघडलेली बाटली, उन्हात राहिलेली पट्टी, शीतकपाटाबाहेर पडलेले इन्सुलिन वरून चांगलेच दिसते. डॉक्टरांच्या नजरेखालून गेल्यावाचून असे दान करू नये.

तेव्हा कार्यकारिणीपुढे आमची एक सूचना आहे. मंडळाच्या कार्यालयात कुलूपबंद पेटी ठेवावी. तिची किल्ली ज्ञातीतील डॉक्टरांपैकी एकाकडे असावी. दर तीन महिन्यांनी ती उघडून, ज्या रुग्णालयाचा कचरा जैववैद्यकीय भट्टीत जातो, त्याच्यामार्फत औषधे रवाना करावी. त्या भट्टीचे शुल्क किलोवर असते. खर्च मोठा येणार नाही, आणि पहिल्या वर्षाचा आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. आमच्या औषधविक्रेत्या बंधूंनी आपापल्या दुकानांत अशी पेटी ठेवल्यास उत्तमच. दिवसकार्याच्या यादीत भटजी जशी दर्भ, तीळ, पिंडाचे सामान लिहून देतात, तशीच ‘औषधे मंडळात पोचविणे’ अशी एक ओळ मंडळाच्या पत्रकात छापावी. अस्थी नदीत जाव्या. औषधाची पिशवी पेटीत यावी. या सूचनेस अनुमोदक हवे आहेत. ज्यांची संमती असेल त्यांनी बाहेर चिटणिसांच्या मेजावर ठेवलेल्या कागदावर आपले नाव लिहावे.